सासऱ्यांची साक्ष

गुरुनाथ वर्टीकरांनी अख्खी नोकरी केंद्र सरकारचे वकील म्हणून माणसांना तुरुंगात पाठवण्यात घालवली. निवृत्तीनंतर पाठवायला कुणी उरलं नाही, म्हणून ते एका मराठी वाहिनीवर कायदेतज्ज्ञ झाले. रियाधला, अल मलाझ भागात लेक आसावरीकडे राहायला आले तरी त्यांचा हा उद्योग चालूच होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, वर कोट आणि टाय, खाली पायजमा. तेवढा वेळ आसावरी मिक्सर बंद ठेवायची.

त्या दिवशी चर्चेचा विषय होता, कर्मचाऱ्यांची आजारपणाची खोटी रजा. आणि जावई सुमीत त्याच दिवशी तशा रजेवर होता.

त्याचाही नाइलाज होता. सौदीकरण सुरू झाल्यापासून त्याच्या विमा कंपनीत अकाउंट्सची एकेक खुर्ची सौदी मुलांकडे जात होती. त्याच्या हाताखाली काम शिकणारा तुर्की नावाचा सौदी मुलगा तर नको तितक्या लवकर शिकत होता. म्हणून तापाचं कारण सांगून सुमीतने दुसरीकडे इंटरव्ह्यू ठरवला होता. ऐन वेळी बेल्ट सापडेना. बेल्ट शोधत तो सासऱ्यांच्या मागून गेला, आणि निवेदिकेने त्याला पाहिलं.

"सर, मागे कोण आहे?"

"माझे जावई."

"आज कामाच्या दिवशी घरी?"

"रजेवर आहेत."

"कसली रजा?"

स्वयंपाकघराच्या दारातून आसावरीने हात जोडले. गुरुनाथरावांना ते दिसलं. पण थेट प्रश्नाला खरंच उत्तर द्यायचं, ही शिस्त ते जन्मभर साक्षीदारांना लावत आले होते.

"आजारपणाची."

"पण ते तर सुटाबुटात दिसतायत."

"इंटरव्ह्यूला चाललेत."

"मग ही रजा खोटी म्हणायची का?"

"सकृद्दर्शनी, हो. आणि अशा माणसाला कामावरून काढायला काहीच हरकत नाही."

सुमीत बेल्टशिवायच निघाला. इंटरव्ह्यूत एका हाताने पँट धरून त्याने दुसऱ्या हाताने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. 'कळवतो' म्हणाले. घरी येईपर्यंत ती क्लिप महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरून ऑफिसच्या ग्रुपवर पोचली होती. पोचवली होती त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या उल्हासने, निव्वळ अभिमानापोटी.

"उल्हास, मिशाल साहेबांना तू सांगितलंस?"

"अरे, त्यांनीच विचारलं, हे गृहस्थ काय बोलतायत. मी फक्त भाषांतर केलं."

"सगळ्याचं?"

"छे. मधल्या जाहिराती सोडल्या."

साहेबांनी सकाळी भेटायला बोलावलं. आसावरी वडिलांशी बोलेना. शेवटी गुरुनाथरावच म्हणाले, "सुमीतराव, मी येतो. तुमचा बचाव मी करीन."

"बाबा, तुम्ही कधी कुणाचा बचाव केलाय?"

"संधीच मिळाली नाही."

साहेबांच्या केबिनमध्ये सुरुवात बरी झाली. "साहेब, हा मनुष्य मुळात सज्जन आहे," गुरुनाथराव इंग्रजीत म्हणाले. मग उभं राहून बोलायची सवय अंगात आली. "तो खोटं बोलला, हे सिद्धच आहे. पण हे पहिल्यांदा नाही. लग्न ठरताना स्वयंपाक येतो म्हणाला होता, येत नाही. गेल्या गुरुवारी मंडळाची मीटिंग म्हणून बाहेर पडला. मी चौकशी केली. मीटिंग नव्हतीच. शर्टाला चिकन शोरम्याचा वास होता."

सुमीत गालिच्याकडे बघत राहिला.

"तेव्हा माझी विनंती आहे की याला कठोरात कठोर..." गुरुनाथराव अडखळले. "म्हणजे सौम्य शिक्षा द्यावी."

मिशाल साहेबांनी त्यांना आदराने बाहेर कहवा घ्यायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"हे तुझ्या घरी राहतात?"

"हो, सर."

"रोज?"

"रोज."

"माझे सासरे वरच्या मजल्यावर असतात. कस्टम्समध्ये होते. अजून माझ्या पिशव्या तपासतात." साहेबांनी समोरचा बडतर्फीचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "तुझे सासरे परत जाईपर्यंत तुझी खुर्ची हलवत नाही. माणसाला घराबाहेर बसायला जागा पाहिजे. कधी जाणार आहेत?"

"ईदनंतर."

"मग ईदनंतर बघू."

बाहेर गुरुनाथराव कहव्याचा चौथा पेला घेत होते. निकाल ऐकून ते खुलले. "पाहिलंत? बचावही जमतो मला. आता निर्धास्त मनाने परत जाईन."

सुमीतने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"एवढी काय घाई आहे, बाबा," तो म्हणाला. "व्हिसा वाढवून मिळतो."