लाल गाडीची दोन वर्षं

जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी तिची ओळख पटवून घ्यावी, ही गोष्ट सर्वमान्य आहे. पाण्यातल्या म्हशीचं मोल बाहेरून करू नये, असं आपण एकमेकांना सांगतोही, आणि मग गाडीचा रंग पाहून इसार देऊन मोकळे होतो. भिंगसाहेब तसे नव्हते. दाखले पडताळणी कार्यालयात ते मुख्य लिपिक होते आणि टेबलावर कायम एक भिंग ठेवत, म्हणून हे नाव पडलं होतं. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही अर्ज पहिल्या फेरीत मंजूर केला नव्हता. शिक्का वाकडा असला तर अर्ज परत जाई. सरळ असला तर इतका सरळ कसा, या शंकेने परत जाई.

अशा माणसाला लाल, दोन आसनी, छत उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं वेड असावं, हे त्यांच्या बायकोलाही खरं वाटत नसे. पण ते होतं, आणि कॉलेजपासून होतं. नोकरी संपण्याच्या आत आणि कंबर धरण्याच्या आत ती एकदा घ्यायचीच, हे ठरलं होतं. बायकोने एवढंच विचारलं, की भाजीची पिशवी कुठे ठेवायची. मांडीवर, असा तह झाला.

गाडी सापडली ती त्यांच्याच दाताच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांना तीत बसता येई, पण उतरायला कंपाउंडर लागे, म्हणून ते ती विकायला निघाले होते. एक केशभूषाकारही त्या गाडीच्या मागे होता. भिंगसाहेबांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार दिला नाही तर गाडी त्याला जाणार, हे डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं.

मंगळवारी भिंगसाहेब मेकॅनिकला घेऊन डॉक्टरांच्या गॅरेजात गेले. चासीवर कोरलेल्या नंबरावर त्यांनी पातळ कागद धरला, वरून पेन्सिल घासली आणि उमटलेली सतरा अक्षरं नोंदणीपुस्तकाशी एकेक करून ताडून पाहिली. जुळली. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण या सतरांपैकी दहावं अक्षर गाडी कोणत्या वर्षी बनली ते सांगतं, असं भिंगसाहेबांनी आदल्या रात्री वाचलं होतं. त्यांनी अक्षरांचा आणि वर्षांचा तक्ता काढून पाहिला. अक्षर एक वर्ष सांगत होतं आणि पुस्तक त्याच्या दोन वर्षं नंतरचं. मग साहेब गुडघ्यांवर आले. सीटबेल्टच्या शिवणीतलं लेबल आणि काचेच्या कोपऱ्यातली बारीक खूण, दोघांनीही अक्षराच्याच बाजूने साक्ष दिली. गाडीने कागदोपत्री आपलं वय दोन वर्षांनी चोरलं होतं.

मेकॅनिक म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे, साहेब. दोन वर्षांनी काय बिघडतंय?"

"प्रश्न दोन वर्षांचा नाही, खरेपणाचा आहे," भिंगसाहेब म्हणाले आणि पँट झटकून उठले.

डॉक्टरांनी हात वर केले. त्यांनी गाडी जशी घेतली तशीच ते विकत होते. पण खोट्या कागदावर सही करणं भिंगसाहेबांच्या रक्तात नव्हतं. आधी पुस्तकातलं वर्ष दुरुस्त होईल, मगच गाडी घेऊ, असं सांगून ते बुधवारी परिवहन कार्यालयात गेले.

खिडकी क्रमांक चारवरच्या निरीक्षक बाईंनी त्यांचा आक्षेप दोनदा वाचला. सोबत पेन्सिलची छाप, लेबलाचा फोटो आणि तक्त्याची प्रत होती. इतका परिपूर्ण अर्ज आपल्या नोकरीत आला नव्हता, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आणि लगेच दुसरा एक नमुना पुढे सरकवला. वाहनाच्या वयाबद्दल आक्षेप घेणाऱ्याने आधी स्वतःचं वय सिद्ध करायचं, असा नियम होता. भिंगसाहेबांनी नोकरीचं ओळखपत्र काढलं. बाईंनी ते नीट पाहिलं आणि परत केलं.

"साहेब, पुस्तकावर विसंबू नका, मूळ वस्तू बघा, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग तुमचं तरी कार्ड कसं चालवून घेऊ? मूळ वस्तूच बघावी लागणार."

मूळ वस्तू खिडकीबाहेर उभी होती. तिच्यावर कुठेही नंबर कोरलेला नव्हता. जन्म घरी झालेला, त्यामुळे हॉस्पिटलचा कागद नव्हता. अशांसाठी नियमात दुसरी सोय होती: दंतवैद्याचा दाखला.

गुरुवारी भिंगसाहेब त्याच डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात घालून बराच वेळ पाहिलं, मग रुग्णांच्या कपाटातून जुनं कार्ड काढलं. त्यावरचं जन्मवर्ष पहिल्या भेटीत साहेबांनी स्वतःच सांगितलं होतं, कारण डॉक्टरांशी खोटं बोलू नये हे त्यांनाही मान्य होतं.

"कार्डाप्रमाणे एकोणसाठ. दातही तेच म्हणतायत. ऑफिसात किती सांगता?"



ऑफिसात ते सत्तावन्न होते आणि निवृत्तीचं वय अठ्ठावन्न होतं. शाळेत घालताना वडिलांना ना तारीख आठवत होती ना वर्ष. पोरगं अंगाने बारीक होतं, तेव्हा त्यांनी अंदाजाने दोन वर्षं कमी सांगितली आणि मास्तरांनी सोयीसाठी शाळा उघडण्याचा दिवस लिहिला. त्यांच्या वर्गात एकवीस मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येई. खरं वर्ष आईने पुढे सांगितलं, तोवर कागद पक्का झाला होता. खुर्चीत पडल्या पडल्या भिंगसाहेबांना लाज वाटली, खरीखुरी. आपण किती जणांना दोन-दोन दिवसांच्या फरकासाठी परत पाठवलं, ते त्यांना मोजता येईना. खाजवून खरूज काढली होती, तीही स्वतःच्या अंगावर.

शुक्रवारी दुपारी ते दाखला खिशात ठेवून खिडकीवर आले.

"हा जोडला तर काय होईल?"

"गाडीचं वर्ष दुरुस्त होईल. तुमचंही. एक प्रत तुमच्या ऑफिसला जाईल."

"म्हणजे मी गेल्या वर्षीच..."

"हो. घरी."

"आणि आक्षेप मागे घेतला तर?"

"तर पुस्तकात आहे तेच खरं. तिचंही आणि तुमचंही." बाईंनी आवाज खाली आणला. "कार्डावर तुमची तारीख बघितली मी. माझीही तीच आहे, साहेब. या खिडकीच्या आत आठ जणांची तीच आहे. आम्ही केक एकच आणतो."

भिंगसाहेब बाकावर बसून राहिले. दाखल्याची घडी त्यांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. साडेतीन वाजता त्यांनी आक्षेप मागे घेतला. पडताळणीच्या नमुन्यात खरेदीदाराचा शेरा लागतो; तिथे त्यांनी लिहिलं, "वाहनाची ओळख समक्ष पटली. शंका नाही." शेवटचे दोन शब्द त्यांनी एकोणतीस वर्षांत प्रथमच लिहिले होते, त्यामुळे अक्षर जरा बिघडलं. चार वाजता डॉक्टरांना फोन गेला. केशभूषाकार अर्थातच फार हळहळला.

गाडी उत्तम चालते. सोमवारी भिंगसाहेबांनी नेहमीप्रमाणे अकरा अर्ज परत पाठवले. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या दोन कागदांवरच्या जन्मतारखांत तीन दिवसांचा फरक होता. शिस्त म्हणून काही असतंच.

हा सगळा प्रकार वाचून कोणाला चीड आली असल्यास रीतसर तक्रार करता येते. अर्ज खिडकी क्रमांक चारवर विनामूल्य मिळतो. सोबत तक्रारदाराने स्वतःच्या वयाचा मूळ पुरावा जोडायचा आहे. वडिलांनी शाळेत सांगितलेली तारीख चालणार नाही. आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही.