रविताचा पियानो आणि पसाभर कोंडा

रविताच्या लग्नाच्या बायोडाटात तिच्या भावाने 'छंद : पियानोवादन' असं ठोकून दिलं होतं. सासरे रूपलाल यांनी ते फारच मनावर घेतलं. नागपूरच्या एका जुन्या बंगल्यातला ग्रँड पियानो त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तणसाच्या गादीवर निजवून आपल्या गावी, बिरसीला आणला. रविताला कुठला यायला पियानो! तिने एक पट्टी दाबली, कान दिल्यासारखं केलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, याचा साउंडबोर्ड गेला."

साउंडबोर्ड म्हणजे तारांखालची मोठी फळी, एवढं तिने कुठेतरी वाचलं होतं. त्या फळीने तीन महिने बिचारीची अब्रू राखली. पण या रविवारी गोंदियाचे पाहुणे येणार म्हणून रूपलालांनी नाटकवाल्यांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या बकारामला बोलावलं.

बकारामने उभ्या जन्मात पियानो पाहिला नव्हता, पण तसं कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं. आधी त्याने पेटीसारखा भाता शोधला. तो सापडेना. सापडला तो पायाखालचा एक खटका; तो दाबला की तारा मोकळ्या होत. मग खाली उताणा झोपून, कलिंगड घ्यावं तशी त्याने फळी टिचक्या मारून ऐकली.

"काऊन बकाराम, काय निंगालं?" ओसरीवरून रूपलालांनी विचारलं. पाहुणे येऊन चिवडा खात बसले होते.

"चीर असंन, पन दिसून नाही राहिली. कोंडा टाकून पायतो. फुटल्या जागी कोंडा थरथरते. बाई, थो पायाखालचा खटका दाबून ठेवा, तारा मोकळ्या राहू द्या."

रविता पट्ट्यांसमोर बसली आणि तिने खटका दाबला. बकारामने झाकण उभं केलं आणि पसाभर कोंडा तारांमधून फळीवर पेरला. अंगणातली लाल कोंबडी दारातून हे सगळं पाहत होती. कोंडा दिसल्यावर ती कुणाचं ऐकते? ती थेट तारांवर चढली.

टिण्ण! टुण्ण! ढण्ण! चोच तारांत, पाय तारांत. बकाराम "हुश्श, हुश्श" करत या टोकाला आला की ती त्या टोकाला. घाबरलेली रविता खटक्यावरचा पाय काढायचंच विसरली.

"वाह! क्या हाथ है बहू का!" पाहुणे चिवडा टाकून दारात आले. रूपलाल डोळे पुसत आत शिरले, उभ्या झाकणाला वळसा घालून गेले आणि थबकले. झाकणाआडची कोंबडी फक्त त्यांनाच दिसली. आता मेले, असं रविताला वाटलं.

रूपलाल पाहुण्यांकडे वळले. "बस झालं आता, थकली ते. तुमी चहा घ्या."

पाहुणे ओसरीवर गेले.

"मालक, फळी एकदम टंच हाये!" बकाराम म्हणाला.

झालं, तेवढा आधारही गेला. रविताला रडू फुटलं. "मामाजी, मले पियानो येतच नाही."

"दिसून राहिलं मले." त्यांनी कोंबडी उचलून काखेत घेतली. "पन आता पाहुन्याइले काय वाढशीन? संध्याकाळी हेच कापाची होती."

"मंग?"

"मंग काय! एवढं वाजवल्यावर इले कसा कापू? वांग्याची भाजी टाक."