बेबीताईंचा शून्यावर विश्वास नव्हता

बेबीताईंच्या पिशवीत एक तुटकी चप्पल कायम असायची. एखाद्या घरी आम्ही दोघी गेलो आणि नवरा ओसरीवर बसलेला दिसला, की त्या पायातली एक चप्पल हळूच पिशवीत टाकत, तुटकी बाहेर काढत आणि म्हणत, "भाऊ, एवढी शिवून आणून देता का?" भाऊ बिचारा निघायचा. तो वळणाआड झाला की त्या मांडी घालून बसत. "हं, आता सांग बाई." शिवून आलेली चप्पल त्या संध्याकाळी घरी नेऊन पुन्हा उसवत.

आमचं काम होतं पाळी जाण्याच्या वयात बायकांना काय काय त्रास होतो ते मोजण्याचं, आणि वेगवेगळ्या समाजांत तो वेगळा असतो का ते पाहण्याचं. नागपूरच्या एका डॉक्टर मॅडमचा हा अभ्यास. अकोल्याकडच्या शेतकरी घरांतल्या बायका, मूर्तिजापूरच्या मुसलमान घरांतल्या आणि मेळघाटातल्या कोरकू आदिवासी बायका. मी अमरावतीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून आकडे माझ्याकडे. बेबीताई निवृत्त नर्स, राजापेठेत एकट्या राहणाऱ्या, विचारायचं त्यांनी. प्रत्येक त्रासापुढे शून्य ते चार असे आकडे. शून्य म्हणजे काहीच नाही, चार म्हणजे सोसवत नाही.

त्या शून्याशी बेबीताईंचं वाकडं होतं. "शून्य म्हंजे तिनं सांगतलं नाई," त्या म्हणत. "तरास नाई, असं थोडीच हाय."

मूर्तिजापूरला शमीमआपा शिवणकाम करायच्या. फॉर्मात लिहिलं होतं 'उष्णतेचे झटके'. झटके येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. बेबीताईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, मशीनवर बसल्या बसल्या मधेच उठून तोंडावर पाणी मारावं लागतं का? शमीमआपा आधी हसल्या. मग ओढणीनं डोळे पुसत म्हणाल्या, की दिवसातून सात-आठदा उठावं लागतं, आणि घरच्यांना वाटतं कामाची टाळाटाळ चालली आहे. शून्याचे चार झाले.

परतताना मी बेबीताईंवर रागावले. प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारला नाही तर तुलना करायची कशी? त्या बसच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "सारखा इचारून काय करतं? सारखा समजला पायजे."

मेळघाटातल्या सेमाडोहचे फॉर्म आधी दुसऱ्याच कोणी भरून आणले होते. सगळीकडे शून्य. मॅडम खूश होत्या; जंगलातल्या बायकांना हा त्रासच नाही, असं त्यांनी धरून टाकलं होतं. बेबीताई हट्टानं पुन्हा गेल्या, गावातल्या आशा सेविकेला दुभाष्या म्हणून बरोबर घेतलं आणि तीन दिवस बायकांबरोबर शेतात निंदण केलं. चौथ्या दिवशी फॉर्म माझ्या हातात दिले. काहींना तीन होते, चार होते. पण बरीच शून्यंही होती. मी बेबीताईंकडे पाहिलं.

"हे खरे शून्य हायेत," त्या म्हणाल्या. "त्या बाया म्हनतात, पाळी गेली, सुटलो बाप्पा. हे मोजनीत धर."

शेवटी आकडे भरताना एक फॉर्म जास्तीचा निघाला. नाव नाही. वय शेहेचाळीस. गाव मूर्तिजापूरजवळचं. अंगाची आग, झोप, चिडचिड, रडू, सगळ्यापुढे चार. खाली शेऱ्यात बेबीताईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'लेक बोलत नाही.'

ही बाई कोण, असं मी विचारलं. त्यांनी फॉर्म माझ्याकडून घेतला. मग सांगितलं, की ती त्यांची माय. बेबीताई पंधरा वर्षांच्या असताना माय स्वयंपाक अर्ध्यावर टाकून अंगणात धावायची, भांडी आपटायची, कारण नसताना रडायची. गावात लोक म्हणत, हिला बाहेरचं काहीतरी लागलं. वडिलांनी तिला मामाकडे नेऊन ठेवलं. पोरीला मैत्रिणींपुढे लाज वाटायची, तिनं मायशी बोलणं सोडलं. दोन वर्षांनी माय परत आली ती शांत होऊन. पण दोघींत जे तुटलं होतं ते तसंच राहिलं. पुढे नर्स होऊन बेबीताईंनी शेकडो बाळंतपणं केली, पण हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मॅडमचा फॉर्म पहिल्यांदा वाचला तेव्हा एकेका ओळीत त्यांना माय दिसली. तोवर तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"ते येडी नव्हती," बेबीताई म्हणाल्या. "मले कोनी सांगतलं नाई."

गेलेल्या माणसाचा, आठवणीतून भरलेला फॉर्म मोजणीत घेता येत नाही. हे त्यांना सांगणं मला जड गेलं, पण सांगितलं.

"नको धरू. मले मालूम हाय." त्यांनी फॉर्मची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. "पन तू वाचला ना?"

वाचला, मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि तो कागद घडी न घालता, तसाच सपाट, स्वतःच्या वहीत ठेवला.