न वाढवणारं दूध

अंगदनं दुधाच्या बाटल्यांवर लेबल लावलं आणि आठवड्यात अर्धी गिऱ्हाइकं गळाली.

केदारखेड्याच्या घरच्या म्हशींचं दूध भोकरदनला दारोदार पोचवायचं, ही त्याचीच कल्पना. आई जयवंताबाईंची अट एवढीच की, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक टिकलं तर ठीक, नाहीतर म्हशी विकायच्या आणि त्यानं जालन्याला मामाच्या हाताखाली सळईच्या कारखान्यात जायचं. मामाचा स्वभाव भट्टीपेक्षा गरम होता. म्हणून अंगदनं मोबाइलवर धंदा वाढवायचे व्हिडिओ पाहिले आणि छापून आणलं, 'वाढीचं कृत्रिम हार्मोन न दिलेल्या म्हशींचं दूध'. खाली विश्वासासाठी म्हशीशेजारी स्वतःचा उभा फोटो. फोटोत म्हैस उंच दिसत होती. फोटोवाला बादलीवर उभं राहा म्हणाला, पण लेबलवर खोटं नको म्हणून अंगदनं नकार दिला.

पहिली बाटली सत्यशीलाबाईंनी परत केली. पोरं वाढावीत म्हणूनच दूध घेतो, त्यातलं वाढीचंच काढल्यावर राहिलं काय, असं त्यांचं म्हणणं. दूध जास्त यावं म्हणून काही ठिकाणी जनावरांना हार्मोन टोचतात, आपण टोचत नाही, हे अंगदनं नीट समजावलं. चूक एवढीच की उभं राहून समजावलं. बाईंनी फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं.

"दिसून राह्यलं ना भाऊ," त्या म्हणाल्या.

अंगदनं घाईनं दुसरी पट्टी चिकटवली, 'या दुधानं वाढ खुंटत नाही'. ज्यांना शंका आली नव्हती, त्यांनाही आली. भोकरदनच्याच कल्याण नावाच्या दुसऱ्या दूधवाल्यानं काहीच छापलं नाही. तो सहा फुटांचा. नुसता चौकात उभा राहिला.

दिवाळी तोंडावर आली. भरलेल्या बाटल्या घेऊन अंगद परत निघाला, तेव्हा गिरिजाबाईंनी हाक मारली. मागे त्यांचा सुमित चौकटीखालून वाकून बाहेर येत होता.

"याची पँट दर सहा महिन्याला आखूड होती. खर्चा परवडंना बाबा. तुमच्या दुधानं थांबन ना?"

अंगदला खरं सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण मामा आठवला.

"मावशी, मी लहानपणापासून हेच पिऊन राह्यलो."

गिरिजाबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"मंग रोज दोन लिटर टाकत जा."