खिडकीत राहिलेले दात

दहाला वीस मिनिटं असताना साहेबांचे दात गाईच्या पोटात पडले. तपासणीची मंडळी दहाला येणार होती.

गाय म्हणजे गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजातली तांबडी. तिच्या डाव्या कुशीला तळहाताएवढं गोल भोक पाडलेलं होतं आणि त्यावर रबराचं बूच. बूच काढलं की थेट पोटात हात घालता यायचा. तांबडीला त्याचं काही वाटत नसे. हात कुणाचाही असो, ती आपली गवत खात उभी. सगळे त्या भोकाला खिडकी म्हणायचे. ती खिडकी धुणं-पुसणं, उघडणं, लावणं हे मामांचं काम. मामा सातवीला तीनदा बसलेले. पण तांबडीचं पोट त्यांना स्वतःच्या खिशासारखं पाठ.

साहेब भाषणाची तालीम करत होते. खिडकीवर ओणवे होऊन, मोठ्यांदा, "गाईला वरचे पुढचे दात नसतात! वरचे पुढचे दात न..."

पुढं नुसतं डुबुक ऐकू आलं.

"माफा!" साहेब ओरडले. "माफे फाफ!"

"कुणाचा बाप, साहेब?"

साहेबांनी एक बोट तोंडाकडं नेलं, दुसरं खिडकीकडं. मामा खिडकीशी धावले.

"पुन्हा दात?"

पुन्हा म्हणायला कारण होतं. सहा वर्षांमागं आधीचे, थोरले साहेब इथं असताना त्यांची कवळी अशीच गेली. तिच्यात एक दात सोन्याचा. "माझे दात खिडकीत गेले," एवढंच ते सगळ्यांना सांगत राहिले. सगळ्यांनी ती भिंतीतली खिडकी धरली. गोठ्याला तशी खिडकी एकच, आणि तिच्याजवळ वावर एकट्या मामांचा. शाबीत काही झालं नाही. पण मामांची फाटकावर बदली झाली आणि 'दातचोर' हे नाव मागं लागलं ते लागलंच. तांबडी खिडकी धुवायला दुसऱ्या कुणाला जवळ उभं करीना, लाथा घालायची, म्हणून नव्या साहेबांनी त्यांना परत गोठ्यात आणलं. तरी फाटकावरचा पहारेकरी मामा दिसले की अजून तोंडावर हात ठेवायचा, दात सांभाळल्यासारखा. मामी म्हणायची, "तुमच्या पायी माझ्यासमोर कुणी मोकळं हसत नाही हो!"

आणि आजच्या तपासणीचे मुख्य होते थोरले साहेबच. आज परत दात गेले असं त्यांच्या कानावर पडलं, की मामांचा गोठा कायमचा सुटला.

मामांनी बाही खांद्यापर्यंत चढवली आणि हात आत घातला.

"फाफडले?"

"दम धरा, साहेब. पोटं चार आहेत. हे पहिलं, पिंपाएवढं. वर गवत तरंगतं, खाली पाणी. हलकी वस्तू गवतात अडकते. मग रवंथ करताना घासाबरोबर वर येते."

"फफ?"

"जड असली तर पुढं, जाळीत. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं असतं ते. खिळा, तार, काय गिळेल ते तिथं जाऊन बसतं. तुमचे दात हलके का जड?"

साहेबांनी जन्मात कधी दात तोलले नव्हते. त्यांनी खांदे उडवले. मामा बगलेपर्यंत आत गेले. गवत चिवडलं, काही नाही. मग हात पुढं वाकवून जाळीत उतरवला. एक खिळा निघाला. एक बटण निघालं. घड्याळात पाच कमी दहा झाले, आणि बोटांना काहीतरी कमानीसारखं लागलं.

"सापडले!"

कवळी काळी-हिरवी झाली होती. मामांनी नळाखाली साबण लावून घासघास घासली. साहेबांनी ती हिसकावून घेतली, डोळे मिटले आणि बसवली.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "इतकी घट्ट तर दवाखान्यातसुद्धा बसली नव्हती!" आणि ते हसले.

हसताना डावीकडं काहीतरी पिवळं चमकलं.

मामांनी नीट पाहिलं. साहेबांना सोन्याचा दात कधी होता?

"साहेब, तोंड मिटा."

"का?"

"मिटा म्हणतो ना! हे दात..."

तेवढ्यात दारात मंडळी आली. थोरले साहेब पुढं, मागं एक बाई वही घेऊन, आणखी दोघं. थोरल्या साहेबांनी मामांना खालून वर न्याहाळलं.

"तू अजून इथंच? बाई, तुमचे दात स्वतःचे आहेत ना? मग भ्यायचं कारण नाही."

मंडळी हसली. मामांनी मान खाली घातली. साहेबांनी मात्र ओठ शक्य तेवढे मिटून भाषण सुरू केलं. चार पोटं झाली, रवंथ झालं. मग ते रंगात आले.

"गाईला वरचे पुढचे दात नसतात!"

त्याच क्षणी तांबडीच्या गळ्यातून एक गोळा सरसर वर चढला. सगळ्यांना दिसला. ती चघळायला लागली. कट. कट. कट. बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. तांबडीनं वरचा ओठ उचलला, आणि आत पांढऱ्याशुभ्र दातांची अख्खी रांग.

"मग हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी आ वासला. थोरले साहेब दोन पावलं पुढं आले. पण गाईकडं नाही, साहेबांकडं.

"आणखी उघडा."

"आँ?"

"अजून जरा. डावीकडं." ते वाकले, चष्मा वर केला, परत खाली केला. "हा दात माझा आहे."

तांबडीचं कट कट चालूच होतं. मामांनी तिच्या जबड्यात बाजूनं हात घातला, गवताचा लगदा बाजूला केला आणि साहेबांची कवळी काढली. नळाखाली धुतली. साहेबांनी पाठ फिरवून अदलाबदल केली. मग मामांनी सोन्याच्या दाताची कवळी धुऊन थोरल्या साहेबांपुढं धरली.

"तुमची धातूची, जड. जाळीत बसून राहिली. यांची प्लास्टिकची, वर आली. वाकून बघताना पडली असणार, साहेब. तुम्हाला तेव्हा खोकला होता."

थोरल्या साहेबांनी कवळी उलटीसुलटी करून पाहिली.

"मी खिडकीत म्हणून सांगितलं होतं," ते पुटपुटले.

"सांगितलंत. कुठल्या खिडकीत, तेवढं राहिलं."

थोरल्या साहेबांनी रुमाल काढला, कवळी गुंडाळली, खिशात घातली. बाईंच्या हातातली वही घेऊन काहीतरी लिहिलं, खाली सही केली. निघताना ते दारात थांबले.

"मामा," ते म्हणाले, आणि जड जिभेनं पुढं, "तुम्ही... तुम्ही गोठा चांगला ठेवलाय."

मामांनी तांबडीच्या खिडकीला बूच लावलं, दोनदा दाबून पाहिलं.

सुटी झाल्यावर ते फाटकाशी आले. पहारेकऱ्यानं सवयीनं तोंडावर हात ठेवला.

"काढ हात," मामा म्हणाले. "सापडले."

"सापडले? कुठं?"

"खिडकीत," मामा म्हणाले, आणि घराकडं चालू लागले.