मोहरील काकांचं पंच मशीन

भारताचं नागरिकत्व पूर्वजन्मीच्या पुण्याईने मिळतं. ज्यांची पुण्याई कमी पडते, त्यांच्यासाठी आमच्या अरेरा कॉलोनीत मोहरील काकांचं पंच मशीन आहे.

काका सरकारी ऑफिसातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. "त्रुटी आहे" हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी उलटसुलट पाहिली आणि परत केली. "मुहूर्त लिहिलाय, जेवणाची वेळ कुठाय? त्रुटी आहे." पोह्यांत, पंचांगात, शेजारच्या त्रिपाठीजींच्या नव्या गाडीत, त्यांना ती सापडली नाही असं कधी झालं नाही.

त्यांची सून थिलिनी श्रीलंकेची. मुलगा निनाद बोटीवर इंजिनीअर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात काका आणि ती, दोघंच. तिच्या व्हिसाची मुदत संपत आली की काकांचं जेवण कमी व्हायचं. "कागद संपला की माणूस संपतो," ते म्हणत. तिला कधीतरी परत पाठवतील, ही धास्ती त्यांनी अशी नियमात बसवली होती.

म्हणून नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरलं. जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं आणि दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

"फोटोत कान दिसत नाही. त्रुटी आहे."

"बाबा, कान आहे. केसांच्या मागे आहे."

"शासनाला दिसला पाहिजे."

नियम एकच: झेरॉक्सला भोकं पाडायची, मूळ कागदाला कधीही नाही. "मूळ प्रतीला पंच मारणारा माणूस," काका मला दरडावून सांगत, "देवाच्या फोटोलाही मधोमध खिळा ठोकेल."

अर्ज गेला. काही महिन्यांनी चौकशीचे साहेब घरी आले. थिलिनीच्या वर्तणुकीची ग्वाही देणारा शेजारी म्हणून मीही होतो. साहेबांनी फाइल चाळली आणि एकदम आदराने खुर्ची पुढे ओढली. मग काकांना विचारलं, "बहू कैसी है? कोई शिकायत हो तो बताइए."

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"नहीं साहब," काका म्हणाले. "कोई त्रुटी नहीं है."

आत एक पातेलं पडलं. साहेब गेल्यावर काका उगाचच बाल्कनीत जाऊन तुळशीला पाणी घालत राहिले. तुळशीला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

पुढे चौकशीचा अहवाल चांगला गेला, थिलिनीने शपथ घेतली आणि प्रमाणपत्र आलं. डिजिटल प्रत चालते, पण काकांनी शाईच्या सहीची मागितली होती. कॉलोनीभर पेढे वाटले. त्रिपाठीजींनी ढोलवाला आणला. काकांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून सगळ्यांना वाचून दाखवलं, आवाज घोगरा होईपर्यंत, आणि मग डोळे पुसत आत गेले. टेबलावरून कट्‌ असा आवाज आला.

ढोल थांबला. थिलिनी आत धावली आणि प्रमाणपत्र उजेडाकडे धरून हसत सुटली.

"बाबा! त्रुटी आहे!"

आमच्या कॉलोनीतल्या या सर्वांत नव्या भारतीय नागरिकाच्या मूळ प्रमाणपत्राला डाव्या बाजूला दोन भोकं आहेत.