पट्टा कोण सैल करतं?

सफाळ्याचा नवा तांदूळ, दहा किलो.

कारखान्यातलं लाल कुलूप. त्यावर पाटी: 'धोका! हात लावू नये.'

आठ महिन्यांची उन्नती. दात: शून्य.

सोललेले दोन नारळ.

"माझ्या गाडीत पोरीला ओरखडा? शक्यच नाही!"

हे शेवटचं वाक्य कृष्णकांतचं. बोईसरला राहणारा हा गृहस्थ तारापूरच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता आणि घरीही त्याची ड्युटी संपत नसे. बायको मेघाली कुकर लावू लागली, की हा शिटीकडे बॉम्बसारखा बघत उभा!

रविवारी उन्नतीचं उष्टावण होतं, दातिवऱ्याला, मामाच्या घरी. शैलेशमामा भाचीला भाताचा पहिला घास भरवणार होता. त्यासाठी उन्नती जाणार होती गाडीतल्या खास सीटमध्ये, पट्टे बांधून, तोंड मागे करून.

"तोंड मागं?" लेकीकडे राहायला आलेल्या सुलूबाई, म्हणजे कृष्णकांतच्या सासूबाई, म्हणाल्या. "रुसलीय का पोर? द्या माज्या मांडीवर."

"आई, मांडीला पट्टा नसतो! ही सीट हलवून बघा. गाडी हलेल, सीट नाही!"

मेघाली गालातल्या गालात हसली.

"पन ती पोर हाय, जावयबापू. तांदळाची गोनी नाय, करकचून बांदायला!"

कृष्णकांत दचकला आणि गाडी पुसायला खाली गेला. हल्ली तो रोज संध्याकाळी वीस मिनिटं गाडी पुसत असे.

गुरुवारी सकाळी त्याने उन्नतीला सीटमध्ये बसवलं. पट्टा सैल! आत चार बोटं जात होती. आदल्या संध्याकाळी त्यानेच ओढून घट्ट केला होता! शुक्रवारी तेच. शनिवारी तेच.

आता संशयाने त्याच्या डोक्यात घर केलं. गाडीची किल्ली खुंटीवर. पहाटे सगळ्यांच्या आधी कोण उठतं? सुलूबाई. मांडीचा हट्ट कोणाचा? सुलूबाईंचा. परवा 'ही पट्ट्याची टिचकी कुटं दाबायची हो?' असं गोड आवाजात कोणी विचारलं? सुलूबाईंनी!

शनिवारी संध्याकाळी त्याने कारखान्यातलं लाल कुलूप आणलं, पट्ट्यांत अडकवलं आणि चावी गळ्यातल्या साखळीत घातली.

"उद्या पट्टा सैल निघाला, तर सीट मी माझ्या हाताने काढून टाकीन!" जेवताना त्याने जाहीर केलं.

"नक्की ना?" सुलूबाई हसल्या. हसल्या! गुन्हेगार असाच हसतो.

रविवारी सकाळी कुलूप जागच्या जागी. कृष्णकांतने विजयी मुद्रेने ते उघडलं, उन्नतीला बसवलं, पट्टा ओढून बघितला.

चार बोटं!

"कुलूप न उघडता?" तो किंचाळला. "आई, कसं केलंत? खरं सांगा!"

"मी? मी तर पूजेला नारल सोलत व्हते!"

"मग काय भुताने केलं?"

"ओरडू नका, पोर घाबरतेय." सुलूबाईंनी उन्नतीला बाहेर घेतलं आणि वाकून सीटच्या फटीत दोन बोटं घातली. "अगो बाय! हे काय?"

तळहातावर तांदळाचे सहा दाणे.

"हिनं अजून भात चाकला नाय. आजच चाकनार. मंग हितं कोन जेवून गेला?"

मेघाली गाडीची डिकी उघडून आली. तिच्या हातात गोणी होती. एक कोपरा फाटलेला.

"हे उष्टावणाचे तांदूळ ना? मी तीन दिवस घरात शोधतेय!"

कृष्णकांतचे कान लाल झाले. "कारखान्यात चाचणीशिवाय काही चालू करत नाही आम्ही," तो पुटपुटला. "पहिल्या दिवशी मला पट्टा जमेना. म्हणून... गुपचूप... सराव."

"गोनीवर?"

"गोणीवर अगदी घट्ट बसायचा, आई!"

गोणी उन्नतीच्या दुप्पट जाड होती; तिच्या मापाचा पट्टा पोरीला सैल होणारच! सुलूबाई इतक्या हसल्या, की त्यांना सीटचाच आधार घ्यावा लागला. सीट तसूभर हलली नाही.

"मग... काढू सीट?" कृष्णकांतने विचारलं. शब्द दिला होता ना!

सुलूबाईंनी सीट पुन्हा हलवून पाहिली. मग नातीला आत बसवून म्हणाल्या, "राहू द्या. आता पोरीवर बांदा. आनि बोट मी घालनार!"

पट्टा आवळला. एक बोट कसंबसं गेलं.

"माजी मांडी मात्र मोकळी ऱ्हायली. द्या ती गोनी हितं!"

"गोणी डिकीत," कृष्णकांत म्हणाला. "नियम आहे."

सीट गाडीत बसवली होती मेघालीने, सोबतची पुस्तिका वाचून, अकरा मिनिटांत.